सारखे किलोमीटर

आमच्या गोदामातल्या चाळीस टेम्पोंनी रोज कुठल्या गावाला जायचं हे वीस वर्षं एकच माणूस ठरवायचा, आणि तो माणूस स्वतः कधी टेम्पोत बसत नसे. गाडी लागायची त्यांना. हिंगोलीहून औंढ्याला जायचं तरी एसटीत लिंबू हुंगत बसायचे आणि निम्म्या वाटेत कंडक्टरला हात जोडून खाली उतरायचे. त्यांच्या लेकाच्या लग्नाचं वऱ्हाड तीन टेम्पोंतून वाजतगाजत गेलं आणि नवरदेवाचा बाप मागून सायकल मारत, घामाघूम होऊन, मुहूर्ताला कसाबसा पोचला. ड्रायव्हर लोक ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला तिखटमीठ लावून सांगत. मुकादम शेजारीच बसून ऐकत आणि म्हणत, "हसा लेको. आचारी कुठं पंगतीत बसतो?"

त्यांना सगळे मुकादमच म्हणत. मी त्या गोदामात कारकून म्हणून लागलो तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं. खताची नि बियाण्याची पोती आमच्याकडं उतरत आणि तिथून सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या गावोगावच्या दुकानांना जात. टेम्पो ज्याचे त्याचे, गोदामाला भाड्यानं लावलेले. मुकादमांच्या स्टुलामागं भिंतीवर बाभळीची एक लांब फळी होती आणि तिच्यावर ओळीनं खिळे ठोकलेले होते. खेप करून आलेला ड्रायव्हर आपली किल्ली शेवटच्या खिळ्याला अडकवायचा. पहिली किल्ली निघाली की मुकादम मागच्या साऱ्या एकेक खिळा पुढं सरकवायचे. किल्ली पहिल्या खिळ्यावर आली की त्याचा नंबर. इतका साधा कायदा होता, आणि मुकादम तो दिवसातून दोन-चारदा तरी मोडायचे.

किल्ली हातात देण्याआधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "जेवला का?" उत्तराशी त्यांना काही देणंघेणं नसे. माणूस बोलत असताना ते त्याच्या तोंडाकडं बघत. बघून झालं की कधी किल्ली देत, कधी ती परत खिळ्याला लावून म्हणत, "तू बस जरा. गोरेगावला दुसरा जाईल." ज्याला बसवलं तो चिडायचा, ज्याला लांब धाडलं तो त्याहून चिडायचा. मुकादमांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नंबर गाडीला असतो, माणसाला न्हाई." मला सुरुवातीला हे निव्वळ थोतांड वाटायचं. मी बी.कॉम. झालेला होतो आणि मला ओळ म्हणजे ओळ हे पक्कं ठाऊक होतं.

कारण मात्र ते कधी सांगत नसत. "कारणं सांगत बसलो तर नंबर कवा लावू?" म्हणायचे. एकदा गंगाधर नावाच्या ड्रायव्हरची किल्ली त्यांनी सकाळीच सदऱ्याच्या खिशात टाकली आणि दुपारपर्यंत दिलीच नाही. गंगाधर तोंडाचा फटकळ. त्यानं भर गोदामात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुकादम ऐकून घेत राहिले. दुपारी गंगाधरचा भाऊ जीप घेऊन आला, तेव्हा कळलं की त्याचे वडील पहाटेच गेले होते, निरोप फोनवर मुकादमांना आला होता, आणि बापाच्या मरणाची बातमी ऐकून पोरानं एकट्यानं गाडी हाकत घरी जाऊ नये म्हणून त्यांनी भावाची वाट पाहिली होती. गंगाधर त्यांच्या गळ्यात पडून रडला. तेराव्यानंतर कामावर आला आणि पुन्हा पहिल्यासारखाच भांडायला लागला.

भांडण बहुतेक फुलसिंगवरून असायचं. फुलसिंग सेनगावकडच्या एका तांड्यावरचा, उंच, मितभाषी, स्वतःशीच काहीतरी गुणगुणणारा माणूस. गाडी अशी पुसायचा की वाटावं आजच शोरूममधून आणली. मुकादम त्याला सदा सकाळची खेप द्यायचे आणि तीही हाकेच्या अंतरावरची. आमच्याकडं भाडं खेपेवर होतं, अंतरावर नव्हतं. त्यामुळं जवळचं गाव मिळणं म्हणजे लॉटरी लागणं. फुलसिंग दोन जवळच्या खेपा करायचा, गाडी गोदामातच लावायचा आणि उन्हं उतरायच्या आत जीपनं तांड्याकडं निघून जायचा. "ह्याला काहून सदा जवळचं? हा काय तुमचा जावई हाय?" गंगाधर विचारायचा. मुकादम म्हणायचे, "व्हय. समज तसंच." फुलसिंग अशा वेळी गाडीची काच पुसायला घ्यायचा.

जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आणि पाच-सहा वर्षांनी आमच्या गोदामातही कॉम्प्युटर आला. तो ड्रायव्हर लोकांनीच मागून घेतला म्हटलं तरी चालेल. नांदेडला कुठंतरी मशीन गाड्यांना कामं वाटतं, त्यात वशिला चालत नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. शिष्टमंडळ घेऊन ते मालकांकडं गेले. गंगाधर पुढं होता. "मालक, मशिनीला ना मामा ना भाचा. सगळ्यायला सारखं धाडंल," म्हणाला. मालकांनाही नवं काही करायची हौस होतीच. मला त्यांनी महिनाभर नांदेडला शिकायला पाठवलं आणि मी परत आलो तो कॉम्प्युटर ऑपरेटर होऊन.

प्रोग्राम करणारा माणूस नांदेडहून आला आणि मुकादमांपुढं वही उघडून बसला. "काका, तुमचे नियम सांगा, म्हणजे तसेच मशीनमध्ये टाकतो." मुकादमांनी मनापासून प्रयत्न केला. समोरच्या एका ड्रायव्हरकडं बोट दाखवून म्हणाले, "हा बघा, ह्याला आज लांब धाडू नका." "का?" "त्याच्या तोंडाकडं बघा की." तो माणूस हसला, मीही हसलो. तोंडाचा रकाना कुठून आणायचा? दोन दिवस असंच चाललं. शेवटी वहीत चार गोष्टी उरल्या: गाडीचा नंबर, किती पोती मावतात, किती वाजता आत आली, आणि आजवर किती किलोमीटर झाले. ज्याचे किलोमीटर कमी त्याला लांबचं गाव, ज्याचे जास्त त्याला जवळचं. महिनोन्‌महिने असं चाललं की सगळ्यांचे सारखे. ड्रायव्हरांना हे फार पटलं.

पण शून्यापासून सुरुवात केली तर मागचा अन्याय तसाच राहील, हे फक्त माझ्या लक्षात आलं. हो, माझ्याच. कोण कुठल्या गावाला गेला हे मी वर्षानुवर्षं रजिस्टरात लिहीत आलो होतो. मागच्या दोन वर्षांचे किलोमीटर काढून मशीनमध्ये भरू या, असं मी सुचवलं. मालकांनी पाठ थोपटली, गंगाधरनं चहा पाजला. आठ दिवस बसून मी सगळे आकडे भरले. चाळीस जणांत फुलसिंगचे किलोमीटर सगळ्यांत कमी निघाले, ते इतके की त्याच्यावरचा गडी त्याच्या दुप्पट फिरलेला होता. मला वाटलं, बघा, पकडली की नाही लबाडी.

दिवाळीच्या पाडव्याला मशीनला हार घातला, नारळ फोडला. खिळ्यांची फळी काढून मागच्या शेडमध्ये ठेवली. मुकादमांना काढून टाकणं मालकांना जिवावर आलं, म्हणून त्यांना खिडकीबाहेर स्टूल दिलं. मशीनमधून चिठ्ठी निघायची, मी ती खिडकीतून द्यायची आणि मुकादमांनी नाव पुकारून ड्रायव्हरच्या हातात ठेवायची. ते अजूनही "जेवला का?" विचारत. पण आता माणूस काहीही म्हणाला तरी चिठ्ठी तीच राहायची.

तिसऱ्या दिवशी, हरभऱ्याच्या खताची घाई असताना, दुपारी साडेतीनला फुलसिंगच्या नावानं साखऱ्याची, सेनगावच्याही पुढच्या लांबच्या गावाची, चिठ्ठी निघाली. मुकादम ती घेऊन पुन्हा खिडकीत आले.

"बाबू, एवढी एक चिठ्ठी बदल. ह्याला इथलंच एखादं गाव दे."

"मी नाही देत मुकादम, मशीन देतं. त्याचे किलोमीटर सगळ्यांत कमी आहेत."

"ते मला म्हाईत हाय. मीच कमी ठिवलेत."

"मग कारण सांगा. मालकांना सांगून त्याचं नाव वेगळं काढतो."

मुकादमांनी मागं वळून बघितलं. फुलसिंग दहा पावलांवर खाली मान घालून उभा होता, आणि त्याच्या मागं गंगाधर नि बाकीचे कान देऊन होते.

"कारण हाय," मुकादम हळू म्हणाले. "पण ते माझं न्हाई. मला सांगता येत न्हाई."

"मग मी तरी मशीनला काय सांगू?"

मला हे उत्तर त्या वेळी फार बिनतोड वाटलं होतं. मुकादम खिडकीपासून वळले. मग त्यांनी स्टुलाखालची पिशवी घेतली, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून दोन लिंबं आणली आणि सगळ्यांच्या देखत फुलसिंगच्या टेम्पोत जाऊन बसले. गोदामात हशा पिकला. रात्री परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि सदऱ्याची पुढची बाजू धुतलेली, ओली होती. दुसऱ्या दिवशी मशीननं फुलसिंगला गोरेगाव दिलं. मुकादम पुन्हा लिंबं घेऊन चढले.

असं तीन आठवडे चाललं. मशीनच्या लेखी फुलसिंगकडं दोन वर्षांची बाकी होती आणि ते ती नेमानं वसूल करत होतं. साठी उलटलेला तो माणूस दिवसाआड ओकत, लिंबू चोखत, सेनगावच्या पुढच्या त्या रस्त्यावर जात-येत होता. अंगावरचं मांस उतरलं. मी समजत होतो की हा म्हाताऱ्याचा रुसवा आहे. मशीन आल्याचा राग आहे, आपला लाडका माणूस कसा छळला जातोय हे जगाला दाखवायचं आहे. चार वाजल्यानंतर चिठ्ठ्या वाटायला कोणी नसायचं, सगळी बोंबाबोंब माझ्या खिडकीशी यायची. एक दिवस वैतागून मी मालकांकडं तक्रार केली. ही एक गोष्ट मी माझ्या तोंडानं केली, ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. मालकांनी मुकादमांना बोलावून सांगितलं की गोदाम बंद होईपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर पुन्हा आत येऊ नका.

दुसऱ्याच दिवशी फुलसिंगला पुन्हा साखरा आलं. मुकादम त्याच्या गाडीपर्यंत गेले. दारात हात ठेवून म्हणाले ते मी खिडकीतून ऐकलं, "माल उतरव आन्‌ तिथंच झोप. दिवस उगवल्याबिगर निघू नको. तुला तुझ्या लेकराची आण हाय." फुलसिंगनं मान डोलवली. आमचा एक नियम होता, रात्री गोदाम बंद व्हायच्या आत गाडी आली नाही तर दुसऱ्या दिवशी नंबर नाही. तोही मशीनमध्ये होता. मला वाटलं, मुकादम आता पोराला कामचुकारपणाही शिकवायला लागले.

पुढचं जे कळलं ते तिथल्या दुकानदाराकडून आणि एका जीपवाल्याकडून. साखऱ्यात माल उतरला तेव्हा सूर्य बुडाला होता. फुलसिंगनं दुकानदाराला निजायला जागा विचारली, आणि तो म्हणाला, ओसरीवर पडा. पण तेवढ्यात प्रवाशांची एक जीप सेनगावकडं निघाली. फुलसिंगनं काय विचार केला कोण जाणे, तो गाडी चालू करून तिच्या मागं लागला. जीपवाला म्हणाला, "टेम्पो माझ्या मागच्या लाल दिव्याला चिकटूनच येऊन राहिला होता. मी हळू झालो की तो हळू, मी जोरात की तो जोरात. पुढं जा म्हणून हात केला, तर जाईना." एका वस्तीवरच्या माणसांना सोडायला जीप डांबरी सोडून डावीकडं कच्च्या रस्त्याला वळली. फुलसिंगही तिच्या मागं वळला. तिथं ओढ्यावर नळ्यांचा अरुंद पूल आहे, कठडा नाही. जीप पार झाली. टेम्पो झाला नाही.

तांड्यावर आम्ही सगळे गेलो. मालक गेले, ड्रायव्हर गेले, गंगाधर तर लहान पोरासारखा रडत होता. मुकादम आमच्या आधी सायकलवर येऊन पोचले होते. माती आवरल्यावर ते एका कडुलिंबाखाली एकटेच बसले. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तर त्यांनी मला हातानं बसायची खूण केली.

"रातांधळा होता," ते म्हणाले. "दिवस बुडला की त्याला सोताचा हात दिसत न्हवता. सहा वर्षांमागं मला सांगितलं. लेकीच्या डोस्क्यावर हात ठिवून आण घातली, की कोनाला सांगायचं न्हाई. मी म्हनलं, तू उजेडात गाडी चालव, उजेडात घरी जा. बाकी मी बघतो. हे तीन आठवडे शेजारी बसून त्याला डावं-उजवं मीच सांगत होतो."

"मला खिडकीत सांगितलं असतंत तर..."

"तर तू मालकाला सांगितलं असतंस. आन्‌ मालकानं त्याची गाडी बंद केली असती. बराबर?"

ते खरं होतं. मुकादम म्हणाले, "आता वाटतं सांगायला पाहिजे होतं. गाडी गेली असती, मानूस ऱ्हायला असता. माझंबी चुकलंच की. मला वाटलं मी हाय तोवर हे असंच चालंल." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण तेवढंही धैर्य झालं नाही.

परत निघताना मी धीर करून विचारलं, "मुकादम, अजून कोणी आहे असं? आपल्या गाड्यांवर?"

"हायेत."

"किती? काय काय आहे? मला नावं द्या, मी सांभाळतो. मालकांना कळू देणार नाही."

त्यांनी सायकलवर टांग टाकता टाकता माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "फुलसिंग गेला म्हणून त्याचं सांगितलं, बाबू. जित्या मानसाचं सांगता येत न्हाई. त्यायनं ते मला सांगितलंय. तुला सांगतील तवा खरं." एवढं बोलून ते निघाले. गोदामात ते पुन्हा आले नाहीत. त्यांचा हिशोब मालकांनी घरी पाठवला. गावी शेतात राहायला गेले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात वारल्याचं मला महिनाभरानं कळलं. कोणाचं काय ते सगळं त्यांच्याबरोबरच गेलं.

फुलसिंगची गाडी मशीनमधून काढायला मी बसलो, तेव्हा पडद्यावर एक चौकोन आला. काढण्याचं कारण लिहा, असं त्यात होतं. लिहिल्याशिवाय ते पुढंच जाईना. इतके दिवस मशीनला कारण विचारता येतं हे मला माहीत नव्हतं.

मग मी ड्रायव्हरांना एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. चहा पाजला, शपथा घेतल्या. तुम्हाला काही अडचण आहे का, डोळ्यांची, छातीची, घरची, झोपेची, कुठली का असेना, माझ्यापाशीच राहील. एकोणचाळीस जणांना विचारलं. एकोणचाळीस जण म्हणाले, "न्हाई साहेब, आपलं सगळं बराबर हाय." गंगाधरही तसंच म्हणाला, आणि म्हणताना माझ्याकडं बघत नव्हता. त्यांचं तरी काय चुकलं? मशीन मीच चालवत होतो आणि मालकांकडं तक्रार करायला गेलेला माणूसही मीच होतो.

मी तिथं आणखी चार वर्षं काढली. चिठ्ठी आता मीच हातात द्यायचो, आणि देताना "जेवला का?" विचारायचो. विचारून तोंडाकडं बघायचो. मला तोंडात काही दिसायचं नाही. चाळिशीतली, उन्हानं रापलेली, दाढी वाढलेली तोंडं, सगळी सारखीच. एकदा माघात, दिवस मावळायला आला असताना, गंगाधरच्या नावानं गोरेगाव निघालं. त्यानं चिठ्ठी वाचली आणि खिडकीशी उभा राहिला, एरवीपेक्षा थोडा जास्त वेळ. तोंड उघडलं, मिटलं.

"काय रे गंगाधर? काही आहे का?"

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "काय न्हाई." आणि चिठ्ठी खिशात घालून गाडीकडं गेला.